बर्फाची बीजे वाहून नेणाऱ्या नद्या

२८ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीच्या आकाशात विमानातून सिल्व्हर आयोडाइड आणि मीठ यांचे मिश्रण सोडण्यात आले. कानपूर आयआयटीच्या या प्रयोगामागचा हेतू असा, की कृत्रिम पाऊस पडावा आणि हवेतला विषारी धूर खाली बसावा. ढगांतला ओलावा जेमतेम १० ते १५ टक्के होता. पाऊस म्हणावा असा काही पडला नाही. त्यानंतर खर्चाची चर्चा झाली, राजकारण झाले. त्या गदारोळात एक साधा प्रश्न मागे राहिला. ढगात टाकायला सिल्व्हर आयोडाइडच का? आणि माणसाने विमानातून ते टाकायला सुरुवात करण्याआधी हेच काम आकाशात कोण करत होते?

उत्तरातला काही भाग जुना आहे. वाळवंटातली धूळ, पानांवरचे जिवाणू, मातीतल्या बुरशीचे कण हे काम करतात. गेल्या दहा वर्षांत त्यात एका नव्या नावाची भर पडली आहे, ते म्हणजे नदी. जमिनीवरून समुद्राकडे जाताना नद्या असे कण वाहून नेतात, ज्यांच्यामुळे ढगातले पाणी गोठते. उत्तर ध्रुवाभोवतीच्या समुद्रात याचे पुरावे एकामागून एक पुढे येत आहेत. विषय दूरच्या थंड प्रदेशाचा वाटतो. पण पृथ्वी पुढच्या काळात किती तापणार या हिशेबात त्याला जागा आहे, आणि तो हिशेब आपल्या दवाखान्यांपर्यंत येतो.

पाणी शून्यावर गोठतेच असे नाही

पाणी शून्य अंश सेल्सिअसला गोठते, असे आपण शाळेत शिकतो. फ्रीजमधल्या बर्फाच्या ट्रेपुरते ते पुरेसे खरे आहे. ढगातला थेंब मात्र साधारण १० ते २० मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी बारीक असतो. असा शुद्ध पाण्याचा थेंब उणे ३८ अंशांच्या आसपास पोहोचेपर्यंत द्रवच राहू शकतो. बर्फ होण्यासाठी पाण्याच्या रेणूंना एका ठरावीक रचनेत जुळून यावे लागते. काही रेणू तसे जुळतातही, पण गट लहान असेल तर तो क्षणात मोडतो. त्यांना टेकायला योग्य पृष्ठभाग मिळाला, की मात्र गट टिकतो, वाढतो आणि सारा थेंब पाहता पाहता गोठतो. असा पृष्ठभाग पुरवणाऱ्या कणाला आपण ‘हिमबीज’ म्हणू.

डॉक्टरांना ही गोष्ट ओळखीची वाटावी. मूतखड्याचेच पाहा. आपल्यापैकी अनेकांच्या लघवीत कॅल्शियम ऑक्झलेट विरघळण्याच्या मर्यादेपेक्षा जास्त असते, तरी प्रत्येकाला खडा होत नाही. खडा धरायला जागा लागते. अलेक्झांडर रँडल या शल्यचिकित्सकाने १९३७ मध्ये मूत्रपिंडाच्या टोकांवर चुन्यासारखे बारीक चट्टे दाखवले. अनेक खडे तिथेच धरतात आणि वाढतात. ढगातले पाणीही असेच ‘तयार’ असते, फक्त धरायला जागा शोधत असते.

दुसरे उदाहरण लसीकरणाचे. हिपॅटायटिस बी किंवा पेंटाव्हॅलंट यांसारख्या लशी एकदा गोठल्या की निकामी होतात, म्हणून त्या २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात. चुकून तापमान शून्याच्या थोडे खाली गेले तरी कुपीतली लस कधी कधी द्रवच दिसते, आणि एखादा धक्का बसताच गोठते. म्हणून बर्फाचे पॅक थेट फ्रीझरमधून काढून लसवाहकात ठेवायचे नाहीत, आत पाणी हलल्याचा आवाज येईपर्यंत ते बाहेर ठेवायचे, हा नियम आरोग्य केंद्रातल्या प्रत्येक परिचारिकेला पाठ असतो.

हवेत धुळीचे, धुराचे, मिठाचे असंख्य कण असतात. त्यांतला हिमबीज होऊ शकणारा कण दहा लाखांत एखादाच, किंवा त्याहूनही विरळा. म्हणूनच त्यांची संख्या थोडी बदलली तरी ढगाचे रूप बदलते. सिल्व्हर आयोडाइडच्या स्फटिकाची रचना बर्फाच्या रचनेशी जुळते, हे बर्नार्ड व्हॉनेगट यांनी १९४६ मध्ये अमेरिकेत हेरले. कृत्रिम पावसाची ही शाखा तिथून सुरू झाली.

पालापाचोळ्यातून नदीत

निसर्गातली हिमबीजे ढोबळमानाने दोन प्रकारची. पहिला प्रकार खनिज धुळीचा. पोटॅशियम असलेले फेल्डस्पार हे खनिज त्यात अग्रेसर असल्याचे २०१३ मध्ये दिसून आले. पण खनिजांचा प्रभाव प्रामुख्याने उणे १५ अंशांच्या खाली जाणवतो. दुसरा प्रकार जैविक. रसेल श्नेल आणि गाबोर वाली यांनी १९७२ मध्ये कुजणाऱ्या पालापाचोळ्यात अशी हिमबीजे असल्याचे दाखवले. पुढे लक्षात आले, की पानांवर राहणारा स्यूडोमोनास सिरिंगी नावाचा जिवाणू उणे २ अंशांच्या आसपासच पाणी गोठवतो. त्याच्या आवरणावरचे एक प्रथिन रेणूंना बर्फाच्या रचनेत उभे करते. थंड प्रदेशात पिकांवर पडणाऱ्या हिमाच्या नुकसानीत त्याचा हात असतो, आणि त्याच्यापासून बनवलेली भुकटी स्कीइंगच्या उतारांवर कृत्रिम बर्फ पाडायलाही वापरली जाते. मातीतली मॉर्टिरेला अल्पिना ही बुरशीसुद्धा असे कण सोडते. ते इतके सूक्ष्म असतात की पाण्याबरोबर सहज धुऊन जातात.

वाचकांच्या मनात शंका येईल म्हणून सांगतो, ही हिमबीजे म्हणजे रोगजंतू नव्हेत. माणसाला त्यांच्यापासून आजार होत नाही.

आता नदीकडे येऊ. पाऊस पडतो, बर्फ वितळतो, माती धुपते, आणि जमिनीवरचे हे सगळे ओढ्यातून नदीत येते. अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या आणि तिच्या मोठ्या उपनद्यांच्या पाण्यात जैविक हिमबीजे असल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. त्याच वर्षी ईरी सरोवराला मिळणाऱ्या मौमी नदीचा अभ्यास आला. तिच्या पाण्यातली हिमबीजे विपुल होती, अतिसूक्ष्म होती आणि जमिनीवरून आलेली होती.

हे मोजण्याची पद्धत कोणत्याही जिल्हा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेला समजेल इतकी सोपी आहे. पाण्याचे अनेक समान थेंब थंड होत जाणाऱ्या पट्टीवर ठेवायचे आणि कोणत्या तापमानाला किती थेंब गोठले ते मोजायचे. मग तेच पाणी ९५ अंशांपर्यंत तापवून पुन्हा चाचणी घ्यायची. अंडे उकडल्यावर जसे त्यातले प्रथिन बदलते, तसे जैविक हिमबीजांचे प्रथिन उष्णतेने मोडते आणि त्यांची गोठवण्याची शक्ती जाते. खनिजांवर फारसा परिणाम होत नाही. या फरकावरून कण जैविक की खनिज ते कळते.

उत्तरेच्या समुद्रात काय सापडले

२०१४ च्या उन्हाळ्यात ‘अमंडसेन’ या कॅनडाच्या संशोधन जहाजावरून तिथल्या ध्रुवीय समुद्राच्या पाण्याचे नमुने घेतले गेले. शास्त्रज्ञांनी समुद्राच्या अगदी वरचा, मिलिमीटरपेक्षाही पातळ थर आणि त्याखालचे पाणी वेगवेगळे तपासले. दोन्हींत हिमबीजे होती. त्यातली सूचक बाब अशी, की पाणी जितके कमी खारट तितके ते जास्त तापमानाला गोठत होते. मिठामुळे गोठणबिंदू आपोआप खाली जातो, तेवढा फरक वजा करूनही हा कल टिकला. म्हणजे जिथे गोडे पाणी मिसळले होते, तिथे हिमबीजे जास्त होती. तापवल्यावर त्यांची शक्ती घटली, म्हणजे ती जैविक. आणि त्यांतली बरीच ०.२ मायक्रॉनपेक्षा लहान होती. सलाइनमधून दिली जाणारी काही औषधे निर्जंतुक करताना आम्ही ०.२२ मायक्रॉनची गाळणी वापरतो, कारण तिच्यातून जिवाणू जात नाहीत. ही हिमबीजे तिच्यातूनही निसटावीत इतकी लहान. अख्खे जीव नव्हेत, त्यांचे तुकडे आणि स्राव.

पण गोडे पाणी म्हणजे नदीच, असे लगेच म्हणता येत नाही. वितळलेला समुद्री बर्फही खारटपणा कमी करतो, आणि समुद्रातले सूक्ष्म शैवालही हिमबीजे तयार करते. या गुंत्यावर ग्रीनलंडमध्ये झालेला अभ्यास महत्त्वाचा आहे. नैऋत्य किनाऱ्यावरच्या दोन फ्योर्डमधून, म्हणजे हिमनद्यांनी कोरलेल्या खोल खाड्यांमधून, जून ते सप्टेंबर २०१८ या काळात नमुने घेतले गेले. पाण्यातल्या ऑक्सिजनच्या जड-हलक्या प्रकारांचे प्रमाण पाहून त्यात जमिनीवरून आलेले पाणी किती, हे ठरवता येते. हिमबीजे जूनमध्ये सर्वांत जास्त होती. तेव्हा शैवालाचा बहर ओसरत होता आणि वितळलेले पाणी जोराने खाली येत होते. जमिनीवरून वाहून येणारे पाणी हा त्यांचा महत्त्वाचा स्रोत आहे, असा निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला.

उत्तर ध्रुवीय महासागराची रचनाच अशी आहे, की तिथे नद्यांचा शब्द चालतो. जगातल्या समुद्राच्या पाण्यापैकी जेमतेम १ टक्का पाणी त्यात आहे. मात्र जगातल्या नद्या समुद्रात जेवढे पाणी ओततात, त्यातले सुमारे १० टक्के एकट्या त्याच्या वाट्याला येते. ओब, येनिसे, लेना, कोलिमा या सैबेरियाच्या नद्या आणि कॅनडाची मॅकेंझी तिथेच रिकाम्या होतात. मॅकेंझीचे खोरे सुमारे १८ लाख चौरस किलोमीटरचे आहे आणि या महासागराला सर्वाधिक गाळ तीच पुरवते. नद्यांचे पाणी हलके असल्याने समुद्रावर सायीसारखे पसरते, म्हणजे त्यातले कण हवेच्या सान्निध्यातच राहतात.

याच्या उलट चित्र दक्षिणेकडे, अंटार्क्टिकाभोवतीच्या महासागरात दिसते. तिथे चहूकडे पाणीच पाणी, मोठी नदी नाही आणि जमीनही दूर. तिथल्या हवेत हिमबीजे अत्यंत विरळ आहेत आणि तिथले ढग शून्याखालीही मोठ्या प्रमाणात द्रवच राहतात.

पाण्यातून आकाशात

लाट फुटली की पाण्यात हवा कोंडते. तिचे बुडबुडे वर येऊन फुटतात आणि प्रत्येक बुडबुडा अतिसूक्ष्म तुषार हवेत उडवतो. वरच्या पातळ थरात जे साचलेले असते, ते या तुषारांबरोबर उडते. वैद्यकात हा मार्ग चांगलाच परिचित आहे. कारंजी आणि गरम पाण्याच्या टबांतून लेजिओनेला जिवाणू फुप्फुसांत जातात ते याच रीतीने. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर विषारी शैवालाचा लाल बहर येतो, तेव्हा पाण्यात पाऊलही न टाकलेल्या लोकांना खोकला येतो आणि दमेकऱ्यांचा त्रास वाढतो, त्याचेही कारण हेच.

दुसरा मार्ग कोरडा आहे. हिमनद्यांतून निघालेल्या नद्यांचे पाणी शरद ऋतूत ओसरते, गाळाचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडतात आणि वारा ती धूळ उचलतो. दक्षिण अलास्कातल्या कॉपर नदीच्या खोऱ्यातून अशी धुळीची वादळे उठतात आणि त्यांतही हिमबीजे सापडली आहेत. उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार बेटांवरच्या हिमनदीच्या गाळाची धूळ अपेक्षेपेक्षा प्रभावी निघाली, कारण तिला थोडा सेंद्रिय अंश चिकटलेला होता. हा अभ्यास २०१९ चा.

आता हे सगळे वेगाने बदलते आहे. १९७९ पासून उत्तर ध्रुवीय प्रदेश उर्वरित जगाच्या जवळपास चौपट वेगाने तापला आहे. युरोप-आशियातल्या सहा मोठ्या नद्यांनी या महासागरात ओतलेले पाणी १९३६ ते १९९९ या काळात सुमारे ७ टक्क्यांनी वाढले. हजारो वर्षे गोठलेली जमीन, म्हणजे पर्माफ्रॉस्ट, वितळून नद्यांच्या काठांसह ढासळते आहे. अलास्कातल्या अशा मातीच्या नमुन्यांमध्ये हिमबीजांचा प्रचंड साठा आढळला. इतकी वर्षे कुलूपबंद असलेली ही तिजोरी आता नद्यांच्या पाण्यात उघडते आहे.

छत्री आणि पांघरूण

ढग गोठला तर बिघडले काय? बरेच बिघडते. द्रव थेंबांचा ढग म्हणजे कोट्यवधी बारीक थेंबांची पांढरीशुभ्र छत्री. ती सूर्यप्रकाश परत पाठवते. त्यात थोडे हिमकण तयार झाले, की ते आजूबाजूच्या थेंबांची वाफ ओढून घेऊन वाढतात, जड होतात आणि बर्फ होऊन खाली पडतात. आल्फ्रेड वेगेनर यांनी १९११ मध्येच ही कल्पना मांडली होती. छत्री विरळ होते. जिथे समुद्री बर्फ वितळून काळे पाणी उघडे पडले आहे, तिथे मग जास्त ऊन थेट पाण्यात मुरते.

हिवाळ्यात हिशेब उलटतो. ध्रुवावर तेव्हा रात्रच असते. परत पाठवायला ऊनच नसते, आणि ढग पांघरुणासारखा खालची ऊब धरून ठेवतो. तो गोठून विरळ झाला तर पृष्ठभाग जास्त थंड होतो. म्हणजे हिमबीजे केव्हा वाढतात यावर परिणाम ठरतो. ध्रुवीय नद्यांचा पूर मेअखेर आणि जूनमध्ये येतो, तेव्हाच सूर्य तिथे मावळत नसतो. शिवाय उन्हाळ्यात तिथले खालचे ढग शून्याच्या थोडेच खाली असतात. त्या तापमानाला खनिज धूळ जवळपास निष्क्रिय असते आणि काम करू शकतात ती मुख्यतः जैविक हिमबीजेच. नद्यांतली बहुतांश हिमबीजे तशीच आहेत.

यातून पृथ्वीच्या तापण्याचा प्रश्न उभा राहतो. तापमान वाढले की गोठलेले ढग अधिक द्रव होतात, जास्त ऊन परतवतात आणि तापण्याला थोडा लगाम बसतो. हा लगाम किती घट्ट, हे आज ढगांत बर्फ किती आहे यावर अवलंबून आहे. २०१६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात उपग्रहांच्या नोंदींनुसार मॉडेलमधले द्रव पाण्याचे प्रमाण वाढवून पाहिले. तेव्हा कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यावर अपेक्षित तापमानवाढ १.३ अंशांपर्यंत जास्त निघाली, कारण लगाम वाटला होता त्यापेक्षा सैल होता. त्यात तापत्या जमिनीतून नद्यांनी आणखी हिमबीजे ओतली, तर तो आणखी सैल होऊ शकतो. बहुतेक हवामान मॉडेल हिमबीजांचे प्रमाण वर्षानुवर्षे तेच राहील असे धरून चालतात किंवा केवळ वाळवंटी धूळ मोजतात. नदी त्यांच्या जमाखर्चात नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या आयपीसीसी या समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार, कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास तापमान २.५ ते ४ अंशांनी वाढण्याची शक्यता आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी हे प्रमाण सुमारे २८० पीपीएम होते, आज ते ४२० च्या पुढे गेले आहे. औषधाच्या मात्रेत इतकी मोठी तफावत असती, तर आम्ही ते औषध वापरायला धजावलो नसतो. एप्रिल-मे महिन्यात सरकारी रुग्णालयाच्या उष्माघात कक्षात काम करणाऱ्याला २.५ आणि ४ यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. उन्हात राबणारा मजूर आणि पत्र्याच्या घरात राहणारी म्हातारी यांच्या दृष्टीने ही तफावत जगण्या-मरण्याची आहे. म्हणून तिच्यातला प्रत्येक अपूर्णांक शोधून काढणे हे आरोग्याचेही काम आहे.

भारताने काय करावे

या कामात भारत प्रेक्षक नाही. वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र २००८ पासून स्वालबारमधल्या नी-ओलेसुंद येथे ‘हिमाद्री’ हे केंद्र चालवते. तिथल्या कोंग्सफ्योर्डच्या पाण्यात २०१४ पासून भारताची ‘इंडआर्क’ ही मोजणी यंत्रणा आहे, आणि डिसेंबर २०२३ मध्ये पहिली हिवाळी मोहीमही गेली. वर उल्लेख केलेल्या धुळीचे नमुने याच परिसरातले. उन्हाळ्यात हिमनद्यांचे गढूळ पाणी या खाडीत उतरते. ते पाणी, खाडीचा वरचा थर आणि त्यावरची हवा यांची एकाच ठिकाणी, बाराही महिने, गोठण-चाचणी करणे आपल्याला शक्य आहे. त्यासाठी नवे केंद्र लागत नाही. थंड पट्टी आणि सातत्य लागते.

हाच नियम आपल्या नद्यांना जसाच्या तसा लावता येणार नाही. गोदावरी किंवा गंगा उबदार समुद्राला मिळते, आणि पावसाळ्यात आपल्याकडे ढगातले पाणी गोठायला साधारण ५ किलोमीटर उंची गाठावी लागते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने २०१८ आणि २०१९ मध्ये सोलापूरच्या पर्जन्यछायेच्या भागात प्रयोग केले, तेव्हा उबदार ढगांसाठी हिमबीजे न वापरता पाणी शोषणारे कॅल्शियम क्लोराइड वापरले. निवडलेल्या ढगांखालच्या पट्ट्यात पाऊस सरासरी १८ टक्क्यांनी वाढल्याचे त्यांनी नोंदवले. कोणत्या ढगाला कोणते बीज चालते हे आधी तपासावे लागते, हा त्याचा धडा.

कृत्रिम पावसाच्या प्रत्येक प्रस्तावाला म्हणूनच एक अट असावी. विमान उडवण्यापूर्वी त्या हवेत निसर्गाने आधीच किती हिमबीजे ठेवली आहेत, ते मोजा. ताप मोजल्याशिवाय आम्ही औषध लिहून देत नाही. ढगांच्या बाबतीतही तीच शिस्त हवी, आणि ती मोजणी नदीच्या पाण्यापासून सुरू व्हायला हरकत नाही.